मुंजाची जन्मतारीख आणि आमचा हंडा

मामाच्या पंचवटीतल्या वाड्यात गुप्तधन आहे हे लहानपणापासून ऐकत होतो, यंदा परसातल्या पिंपळावरच्या मुंजालाच कामाला लावलं. दिसायला आठ वर्षांचा, पण डिटेक्टिव्ह म्हणून एक नंबर. जुन्या पोथीत ओळ होती, 'ज्याला पाठ नाही, त्याच्या पायाशी'. आमच्या तीन पिढ्या पांडवलेणीवर बोंबलत फिरल्या, हा म्हणतो, "काका, दुतोंड्या मारुती हो! पुढूनही तोंड, मागूनही तोंड." तसलाच वीतभर मारुती मामाच्या तुळशीमागे होता, खणलं, हंडा निघाला, चांदवडी रुपये. दीड तासात खेळ खल्लास.

डोक्याला ताप पुढे. कायदा 1878 चा, पुरलेलं धन दहा रुपयांच्या वर असलं की सरकारला कळवायचंच. म्हणून अर्ज भरायला एका केंद्रावर गेलो (नाव नको, परत डोकं फिरेल). शोधणाऱ्याची जन्मतारीख? मुंजा म्हणाला शके 1690. मी 78 मिळवून 1768 सांगितलं तर कॉम्प्युटरवाला म्हणतो लिस्ट 1900 पासूनच सुरू होते, 1968 टाकू का? मुंजा असा भडकला की पंखा उलटा फिरायला लागला, "मुंज झालीये माझी, खोटं कसं लिहू?" मग अंगठा द्या म्हणाले, तो मशीनच्या आरपार. सर्व्हर डाऊन, उद्या या. उद्या गेलो, परवा या. तिसऱ्यांदा नेमकी अमावस्या, सगळ्यांचे टोकन हवेत उडाले. (अमावस्येला नेऊ नका, खरंच.)

चौथ्या खेपेला झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो साध्या कागदावर लिहून द्या की, काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कधी." कळवण्यापुरतं कायद्यात पण तेवढंच आहे, लेखी कळवा! चार खेपांत त्या कॉम्प्युटरवाल्याला हे सांगता आलं नाही?

हां, मामाशी आधीच लेखी ठरवून घ्या. धन बेवारस ठरलं आणि आपसात काही ठरलेलं नसलं तर पाऊण हिस्सा शोधणाऱ्याचा, पाव जागामालकाचा. हे कळल्यापासून मामा मुंजाला रोज पेढे ठेवतोय. आणि नोटीस निघाल्यावर सुनावणीला किमान चार महिने, तेव्हा खर्चाचे बेत आत्ताच नकोत.

अर्ज दिला, पण पोचपावती अजून नाही. मुंजाने सही मोडी लिपीत केलीये, आता मोडी वाचणारा घेऊन या म्हणतायत.