वहिनीच्या पोळीभाजी केंद्रात आज तपासणी झाली

आज वहिनीकडे अन्न सुरक्षा अधिकारी मॅडम आल्या होत्या. भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र, त्यावरचा 14 अंकी नंबर पटकन बघून झाला. खरा वेळ गेला तो कढईपाशी. वड्याच्या गरम तेलात त्यांनी मीटर बुडवला. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर घटक, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे पदार्थ, साठत जातात. ते 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरायचं नाही, असा 2018 पासून नियम आहे. आकडा आला 17. वहिनीच्या जिवात जीव आला! मग पिठाचा डबा झाकायला, हातमोजे बदलायला सांगितलं, तेही न रागावता. अशी समजावून केलेली तपासणी प्रत्येक छोट्या व्यावसायिकाच्या वाट्याला यायला हवी. पाण्याचा तपासणी अहवाल मात्र जुना निघाला. नमुना द्यायला उद्या सकाळी मीच जाणार आहे.