आजोंची पाण्याची पाळी

पेडणे तालुक्यातील आमच्या वाड्यावरच्या मंडळाचे स्नेहसंमेलन दर वर्षी 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, भरते. सकाळी शाळेच्या पटांगणावर झेंडावंदन, दुपारी देवळाच्या अग्रशाळेत पंगत आणि रात्री मांडवात नाटक, हा क्रम माझ्या लहानपणापासून चालत आलेला आहे. त्या दिवशी आमचे आजोबा, ज्यांना आम्ही सारी नातवंडे आजो म्हणत असू, ट्रंकेतला गडद निळा कोट काढून त्यावर आपली पदके लावीत. वर्षातून तेवढा एकच दिवस ती डब्याबाहेर येत.

त्यांतली सहा टोकांची दोन पितळी रंगाची चांदणीपदके मला विशेष आवडत. एकीची फीत वाळूच्या फिकट रंगाची, मधोमध लाल पट्टा असलेली, ती आफ्रिकेची. दुसरीवर लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे उभे पट्टे, ती इटलीची. झेंडावंदन झाले की आजो कोट उतरवून, नीट घडी घालून माझ्या आईकडे देत, धोतराचा काचा मारीत आणि थेट विहिरीवर जात, कारण पंगतीला पाणी पुरवण्याचे काम त्यांचे होते. तिथे दुसऱ्या कोणाला ते हात लावू देत नसत. घागरी भरणे, फडक्याने पाणी गाळून माठांत ओतणे, पंगतीतून तांब्या फिरवणे, सारे तेच करीत. भात-वरण, खतखते, सोलकढी, मणगणे असा बेत असे. पण शेवटची पंगत उठेपर्यंत ते घासभर अन्न घेत नसत आणि घोटभर पाणीही पीत नसत. आईने कितीदा रागे भरून पाहिले, त्यांनी ऐकले नाही.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, देणे फेडण्यासाठी आजो घरातून निघाले. तेरेखोल नदी ओलांडून सातार्ड्यावरून सावंतवाडी, तिथून आंबोलीचा घाट चढून बेळगाव आणि तिथे मराठा पलटणीत भरती, एवढेच आम्हाला ठाऊक होते. पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ होता; गोव्यातल्या माणसावर लढायला जाण्याची सक्ती कोणाचीच नव्हती. 1946 साली ते परतले तेव्हाही पेडण्यात पोर्तुगीजांचेच राज्य होते आणि पुढची पंधरा वर्षे राहिले. पदके अंगावर चढवण्यासाठी त्यांनी 19 डिसेंबर हाच दिवस का निवडला असेल, याचे उत्तर मला या हिशेबात सापडते.

घरी ते युद्धाबद्दल बोलत नसत. 1995 च्या संमेलनात, महायुद्ध संपून पन्नास वर्षे झाली म्हणून, आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांना आग्रहाने मंचावर नेले. मी तेव्हा आठवीत होतो. आजो बराच वेळ ध्वनिक्षेपकाकडे पाहत राहिले आणि मग केरेनबद्दल बोलले. आफ्रिकेतल्या एरिट्रियात, केरेनच्या डोंगरांवर इटालियन सैन्य वर बसलेले आणि आपले सैन्य खाली उघड्यावर. 1941 च्या फेब्रुवारीपासून 27 मार्चपर्यंत ती लढाई चालली. डोंगरावर दाणागोटा, दारूगोळा आणि पाणी माणसांच्या पाठीवरून न्यावे लागे आणि त्यासाठी लढणाऱ्यांतलीच माणसे हमालीला लावावी लागत. आजो रात्री पाण्याचे डबे वर नेत. "पाठीवर पाणी आणि घसा कोरडा," ते म्हणाले. "पण ते पाणी वरच्यांचे होते. आपण त्यातले प्यायचे नसते. एका रात्री मी पोचलो तेव्हा ज्याच्यासाठी नेले तो पाणी मागून मागून गप्प झाला होता." एवढे बोलून त्यांनी हात जोडले आणि ते खाली उतरले. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. थोड्या वेळाने ते पुन्हा माठापाशी उभे दिसले.

त्यांचीच पलटण पुढे इटलीत गेली. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी, तुकडीतले सारे सोबती मेले वा जखमी झाल्यावर, मशिनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. माणगाव तालुक्यातील पळसगावच्या या बावीस वर्षांच्या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. आजो त्यांचा उल्लेख 'आमचे घाडगे' असा करीत. त्यापुढे एक शब्दही नाही. इटलीतल्या लढायांत 5,782 भारतीय सैनिक कामी आले. तो आकडा मी मोठेपणी वाचला, आजो गेल्यानंतर.

जुलै 2023 मध्ये इटलीतील मोंतोने गावात घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघटी उभारली गेली. त्या वर्षीच्या संमेलनात मी तिचे छायाचित्र आणि आजोंची पदके शाळेच्या एका टेबलावर मांडली होती. आता पंगतीला पाण्याच्या बाटल्या असतात. तरीही आईच्या हट्टामुळे अग्रशाळेच्या दारात एक माठ भरून ठेवलेला होता. पाचवीतल्या एका मुलीने इटलीचे पदक उचलले, उलटे केले आणि मागे ठोकलेली बारीक अक्षरे खिडकीच्या उजेडात धरली. आधी पलटणीतला क्रमांक, मग नाव. एकेक अक्षर जुळवीत तिने ते मोठ्याने वाचले आणि विचारले, "हे कोण?" माझ्या आधी आई बोलली, "पाणी वाढायचे ते."