स्मिथ्स फुटले कसे?

गिटार शिकायला येणाऱ्या मुलांना मी कधी ना कधी ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश रॉक बँड स्मिथ्स ऐकवतोच. मग ठरलेला प्रश्न येतो: ‘सर, एवढं भारी वाजवत होते, मग पाचच वर्षांत फुटले कसे?’ काही जण उत्तरही सोबत घेऊन येतात, की गायक मॉरिसी विक्षिप्त होता, त्याचं कुणाशी पटेना. विक्षिप्त तर तो होताच. पण मला विचाराल तर या बँडला धड मॅनेजर नव्हता, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

१९८२ साली मँचेस्टरमध्ये अठरा वर्षांचा जॉनी मार एका ओळखीच्याला घेऊन मॉरिसीच्या दारात जाऊन उभा राहिला. मॉरिसी चार वर्षांनी मोठा, बेकार, घरात बसून लिहिणारा. त्यानं शब्द लिहायचे, यानं चाली बांधायच्या, असं ठरलं. ड्रम्सवर माइक जॉइस आला, बेसवर मारचा शाळूसोबती अँडी रुर्क. पुढच्याच वर्षी लंडनच्या रफ ट्रेड या छोट्या कंपनीशी करार झाला. त्यावर सह्या दोघांच्याच, मॉरिसी आणि मारच्या. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

सिंथेसायझरचा जमाना होता आणि ही पोरं गिटारवर उभी. १९८५ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांच्या ‘हाऊ सून इज नाऊ?’ या गाण्याची सुरुवात ऐका. तो थरथरता, लाटांसारखा आवाज कॉम्प्युटरचा नाही. आधी साधी गिटार रेकॉर्ड केली आणि मग तीच एकाच वेळी अनेक अ‍ॅम्प्लिफायर्समधून वाजवली. प्रत्येकाचा ट्रेमोलो, म्हणजे आवाज लयीत कमी-जास्त करणारी थरथर, हातानं जुळवायचा, लय सुटली की टेप थांबवायची आणि पुन्हा सुरू करायची. काही वेळा दहा-दहा सेकंदांचे तुकडे. आणि एवढं करून गाणं टाकलं कुठं, तर दुसऱ्या एका गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला!

आता मॅनेजरचं. मारला सुरुवातीपासून हात देणारा, बँडसाठी पैसे घालणारा पहिला मॅनेजर, जो मॉस, १९८३ च्या शेवटी बाजूला झाला. नंतर बरेच आले, टिकलं कुणी नाही. वकील, कंपनी, भाड्याच्या गाड्या, सगळ्यांचे फोन यायचे ते जॉनी मारलाच. विशीतला मुलगा दिवसा चाली बांधणार आणि रात्री बिलं निस्तरणार. ‘द क्वीन इज डेड’ हा पुढचा अल्बम तयार होऊन पडला होता आणि कंपनीशी भांडण कोर्टात गेल्यामुळं अडकला होता. तेव्हा हा गडी हिवाळ्यात रात्रभर गाडी हाकत मँचेस्टरहून थेट दक्षिण इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या स्टुडिओत गेला, स्वतःच्याच टेप्स पळवून आणायला. मालकानं दिल्या नाहीत. हात हलवत परत.

१९८६ च्या अमेरिका दौऱ्यात मार दारूवर तरंगत होता. रुर्कला हेरॉइनपायी त्याच वर्षी काढून परत घ्यावं लागलं होतं. १९८७ मध्ये पुन्हा नवा मॅनेजर आला. तो मारला हवा होता, मॉरिसीला नको. त्यात साठच्या दशकातली पॉप गायिका सिला ब्लॅक हिचं जुनं गाणं गायचा मॉरिसीचा हट्ट. असल्या गाण्यांसाठी मी बँड काढला नव्हता, असं मार पुढं म्हणाला. उन्हाळ्यात एनएमई या संगीत साप्ताहिकानं बँड फुटतोय अशी बातमी छापली आणि मार बाहेर पडला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. शेवटचा अल्बम बाजारात आला तेव्हा बँडच उरला नव्हता.

त्या सह्यांचं काय झालं? मॉरिसी-मार चाळीस-चाळीस टक्के घेत, उरलेले दोघे दहा-दहा. रुर्कनं तडजोड करून रक्कम घेतली, जॉइस मात्र कोर्टात गेला. १९९६ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला: वेगळं ठरल्याचं सिद्ध होत नसेल तर १८९० च्या ब्रिटिश भागीदारी कायद्यानुसार सगळ्यांचा वाटा सारखा. न्यायाधीशांनी निकालपत्रात मॉरिसीला कावेबाज, आडमुठा आणि बेभरवशाचा म्हटलं. अपीलही फेटाळलं गेलं. सुरुवातीलाच कुणी चौघांना बसवून एक कागद केला असता तर हे टळलं असतं, असं मला वाटतं. विशीतली पोरं स्वतःहून थोडीच करतात असले कागद!

मग पुढचा प्रश्न, ‘परत एकत्र येतील का?’ २०२३ च्या मे महिन्यात रुर्क कर्करोगानं गेला, त्यामुळं ते चौघे आता येणं नाही. मार आपल्या कार्यक्रमांत ती गाणी स्वतः गातो. मॉरिसीही गातो, त्याच्या त्याच्या मंचावर.