आधी जाळी धुवा, कूलरचं नंतर बघू

ऑटोमॅटिकचं गिअर ऑईल मी घरीच बदलतो म्हटलं की आमच्या नाशिकच्या सिडकोतले निम्मे हसतात आणि उरलेले वॉरंटीची भीती घालतात. माझ्या गाडीची वॉरंटी कधीच संपलीय, त्यामुळे चिंता नाही.

गाडी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर आपोआप) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा) असेल तर हे वाचून पाना हातात घेऊ नका, त्यांचं ऑईलही वेगळं आणि रीतही. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर ऑईलमार्फतच पुढे जातो. लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच, लागलेला नसला की घसरण होते, आणि तिची सगळी उष्णता ऑईलच्या माथी. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना हेच होतं. वळणावर वळण, वेग वीसच्या आत, लॉक-अपला संधीच नाही. शहरात ९० अंशांच्या आत राहणारं ऑईलचं तापमान एप्रिलमध्ये तिथे ११०च्या पुढे गेलेलं मी गाडीला जोडायच्या स्कॅनरवर पाहिलंय.

तर आधी ऑईल. गाडी अगदी सपाट उभी हवी. आणि ड्रेन प्लगला (ऑईल खाली सोडायच्या बुचाला) हात लावण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघायचं. तो जाम निघाला आणि ऑईल आधीच खाली गेलं असेल, तर गाडी दारातून उचलूनच न्यावी लागेल. निघालेलं ऑईल मापाच्या कॅनमध्ये घ्या आणि तेवढंच नवीन भरा. सगळं ऑईल एका वेळी निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं. म्हणून मी मध्ये थोडी गाडी चालवून पुन्हा बदलतो. मशीन लावून फ्लश करण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑईलचं तबक) उघडलंत तर आतल्या चुंबकांवर राखाडी लगदा दिसेल. बोटांत चोळला की काजळासारखा पसरतो, तो चालतो. चमकणारे तुकडे बोटाला टोचले तर मात्र ऑईल बदलून भागणार नाही.

खरी कसोटी लेव्हलची. माझ्या गाडीला डिपस्टिक, म्हणजे लेव्हल बघायची पट्टी, नाही. इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, ऑईल ४० ते ४५ अंशांत असताना खालचा ओव्हरफ्लो प्लग उघडायचा आणि धार बारीक झाली की लावून टाकायचा. (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.) नाशिकच्या उन्हाळ्यात दुपारी अंगणच चाळिशीला टेकलेलं असतं, पाना सापडेपर्यंत आकडा पुढे पळतो. हे काम सकाळी सहालाच.

आता कूलर, म्हणजे गिअर ऑईल थंड करणारा वेगळा छोटा रेडिएटर. एका दुकानदाराने गाडी न बघताच जादा कूलर गळ्यात मारायला काढला होता. मी आधी पुढची जाळी काढली. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत माती, किडे आणि गवताची कुसळं यांचा थर बसलेला. द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या मागे फिरलं की दुसरं काय होणार! माझ्या गाडीत गिअर ऑईल रेडिएटरच्या टाकीतूनच थंड होऊन येतं. तिथे हवाच पोचत नसेल तर नवा कूलर लावून काय उपयोग? बागेच्या नळीने आतून बाहेर, हलक्या धारेने धुतलं. प्रेशर वॉशर नको, पात्या आडव्या होतात. पुढच्या खेपेला त्याच घाटात आकडा शंभरच्या आसपास थांबला. शिवाय आता चढाला मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरून ठेवतो. वरचा गिअर टाकून गाडी रेटत नेण्यात कन्व्हर्टरच तापतो.

तरीही कूलर बसवायचाच असेल, म्हणजे मागे ट्रेलर ओढत असाल किंवा रोज कसारा घाट करत असाल, तर प्लेटवाला (पातळ प्लेटांच्या थरांचा) घ्या आणि रेडिएटरनंतर, गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या लाइनवर जोडा. थर्मोस्टॅट (ऑईल गार असताना ते कूलरकडे न पाठवणारा व्हॉल्व्ह) असलेला मिळाला तर उत्तम, कारण डिसेंबरच्या पहाटे इथे ऑईल गरम व्हायलाच वेळ लागतो. पाइप मात्र ट्रान्समिशन ऑईलसाठीचाच मागा. त्या दुकानदाराने काउंटरवर ठेवला होता तो पेट्रोलचा होता.