सर्व्हे झाला, मोजणी नाही

"घेणार होतो ते घर सर्व्हेत नापास झालं," असं मी इंग्लंडहून फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बेळगावच्या शहापुरात बराच वेळ शांतता. मग आप्पांचा एकच प्रश्न आला, "किती फूट गेली?"

त्यांचं काही चुकलं नाही. बेळगावात सर्व्हे म्हणजे मोजणी. सर्व्हेअर येणार, हद्दीचे दगड शोधणार, शेजारी हातातलं काम टाकून बघायला उभा राहणार आणि संध्याकाळपर्यंत कुणाची तरी भिंत कुणाच्या तरी जागेत दीड फूट निघणार. आमच्याकडे कर्नाटक सरकारच्या मोजणी अर्जाच्या ऑनलाइन व्यवस्थेचं नावसुद्धा 'मोजिणी' आहे. सीमाभागातल्या माणसाला यात जो आनंद मिळतो तो पुण्यातल्या वाचकांना समजावणं अवघड आहे.

इथे इंग्लंडमध्ये, डर्बीत, सर्व्हेअर आला तो शिडी, टॉर्च आणि दोन टाचण्या असलेलं, ओल मोजणारं एक छोटं यंत्र घेऊन. जागा किती गुंठे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. टाचण्या भिंतीला टेकवायच्या, यंत्र ओरडलं की वहीत लिहायचं. जून-जुलैमध्ये आमच्या शहापूरच्या घरात हे यंत्र आणलं असतं तर ते ओरडून ओरडून फुटलं असतं.

तर झालं असं. घर शंभर वर्षांहून जुनं, विटांचं, छपरावर दगडी पाट्या. किंमत २,३५,००० पौंड ठरली, दहा टक्के आमचे, बाकी बँकेचे. बँक आपला माणूस पाठवते, पण तो बघतो बँकेसाठी : उद्या यांनी हप्ते थकवले तर हे घर विकून पैसे सुटतील का, एवढंच. आपल्याला घराची खरी तब्येत कळायला हवी असेल तर आपला सर्व्हे वेगळा, स्वतःच्या पैशाने. त्याच्या तीन पायऱ्या असतात, जुन्या घराला तिसरी, म्हणजे सगळ्यात सविस्तर करावी असं म्हणतात. अहवालात प्रत्येक गोष्टीला १, २, ३ असे शेरे मिळतात, हिरवा, पिवळा, लाल. आम्ही सातशेच्या वर पौंड मोजून तिसरी केली.

घरमालकीण एकट्या राहणाऱ्या आजी होत्या. एजंटने जाहिरातीत मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं की माळ्याला नवीन इन्सुलेशन आहे, गॅसचं बिल कमी येतं. सर्व्हेअर माळ्यावर चढला आणि पाच मिनिटांत उतरला. मला म्हणाला, वर जाऊन बघ. मी डोकं वर काढलं. छपराच्या आतल्या बाजूला, वाशांच्या मधे आणि वाशांवरही, पिवळट फेस फुगून कडक झालेला, कढईबाहेर आलेल्या पिठल्यासारखा. एकही वासा धड दिसत नव्हता.

घर तिथेच संपलं. हेच ते इन्सुलेशन. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून हा फोम पिचकारीने मारतात, तो लाकडाला आणि पाट्यांना घट्ट चिकटतो. घरातली दमट हवा वर जाते, बाहेर पडायला वाट मिळत नाही, पाणी लाकडात मुरतं आणि वासे आतून कुजू लागतात. कुजले असतीलच असं नाही. पण बघताच येत नसेल तर सर्व्हेअर हमी कशाची देणार? त्यामुळे बऱ्याच बँका अशा घरावर कर्जच देत नाहीत. आमच्या बँकेच्या कागदावर घराची किंमत आली शून्य. अख्खं दोन मजली घर, मागे सफरचंदाचं झाड, किंमत शून्य!

"मग खरवडून काढा की," आप्पा म्हणाले. काढतात, पण त्याला हजारो पौंड लागतात, कधीकधी छप्परच बदलावं लागतं. आजींनी तो फोम दारावर आलेल्या विक्रेत्याचं ऐकून मारून घेतला होता, थंडीत बिल परवडत नव्हतं म्हणून. मला घर गेल्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. सह्या झालेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत इथे दोन्ही बाजूंना मोकळं होता येतं, तसे आम्ही झालो. सर्व्हेचे आणि वकिलाचे पैसे मात्र गेले.

याच सुमारास माझ्या चुलतभावाचं बेळगावात उलट चाललं होतं. कंग्राळीकडे त्याने तीन गुंठे घेतलेत, वर स्लॅबचं घर, भिंतीवर सुरी चालवली तर सुरी मोडेल. पण मूळ सर्व्हे नंबर सामाईक, उताऱ्यावर अजून सात नावं, आणि मधल्या एका माणसाने जागा बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँप पेपरवर, विकलेली. बँकेच्या वकिलाने अर्ध्या तासात फाइल परत दिली. त्या वकिलाला १९५६ च्या आधीचा मराठी उतारा आणि आताचा कन्नड, दोन्ही वाचता येतात, हे एक बरं. भिंत किती भक्कम आहे हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढचं घर आम्हाला चार महिन्यांनी मिळालं. १९३० च्या दशकातलं, जोडघर. बागेत जपानी नॉटवीड नावाचं तण नाही ना, हे आधी बघितलं. आपल्या काँग्रेस गवतासारखंच बाहेरून आलेलं, पण त्याच्यामुळे कर्ज अडतं. आधी घरापासून सात मीटरच्या आत दिसलं की धोका धरायचे, २०२२ पासून सर्व्हेअर लोकांचा नवा नियम तीन मीटरचा आहे. बँकेने २,३०,००० च्या घराची किंमत २,२२,००० धरली, म्हणजे कर्जही त्याच्याच नव्वद टक्के. मालकाने पाच हजार सोडले, आम्ही २३,००० ऐवजी २५,२०० भरले आणि किल्ली हातात आली.

आप्पांनी व्हिडिओ कॉलवर आधी माळा दाखवायला लावला. वासे मोजले. मग म्हणाले, "आता नकाशा दाखव, हद्द कुठंपर्यंत?"

नकाशा दाखवला. एका लाल रेघेत घर आणि बाग. मापं कुठेच नाहीत. इथल्या सरकारी नोंदीत हद्द साधारण असते, नेमकी रेघ कुठून जाते ते ती सांगत नाही. मधलं लाकडी कुंपण आमचं की शेजाऱ्याचं, हे शेजाऱ्यालाही माहीत नाही. आणि बँकेने यावर एक शब्द काढला नाही, हे ऐकून आप्पा खुर्चीत सरळ झाले.

"टेप हाय काय घरात?"

टेप होती. त्या रविवारी बारीक पावसात मी बागेत एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला, आणि फोन सफरचंदाच्या नाही, यावेळी पेअरच्या झाडाला टेकवलेला. आप्पा शहापुरातून आकडे लिहून घेत होते, चारी बाजूंचे, फूट-इंचात.