गार्डियनशिपसाठी मेडिकल तपासणी: आत्याच्या निमित्ताने

आमच्या आत्याला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे आणि तिची गार्डियन, म्हणजे कायदेशीर पालक म्हणून कोर्टाने माझी नेमणूक केलीये, हे कळल्यापासून ओळखीतले बरेच जण फोन करतात, की अगं आमच्याही घरी तीच वेळ आलीये, तू काय काय केलंस ते सांग ना. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. वकिलांचं, कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, मला खरं बोलायचंय ते डॉक्टरी तपासणीबद्दल, कारण सगळं घोडं तिथेच अडतं.

आधी कायद्याचं. लहान मुलांच्या पालकत्वासाठी 1890 चा कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व असेल तर 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात कलेक्टर ऑफिसची लोकल लेव्हल कमिटी गार्डियन नेमते. पण आयुष्यभर स्वतःचं स्वतः बघितलेल्या आणि सत्तरीनंतर आठवण जायला लागलेल्या माणसाचं काय? 1987 चा मानसिक आरोग्य कायदा होता तोवर जिल्हा कोर्ट चौकशी करून गार्डियन आणि मालमत्तेसाठी मॅनेजर नेमू शकायचं, 2017 चा नवीन कायदा आला आणि ती सोयच गेली. नवीन कायद्यात नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे नेमलेला प्रतिनिधी आहे पण तो उपचारांपुरता, बँकेत त्याला कोणी विचारत नाही. आणि आधी करून ठेवलेली पॉवर ऑफ अटर्नीसुद्धा माणसाची समज गेली की कायद्याने संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ती उपयोगाची राहत नाही! म्हणून लोक राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात जातात. 2020 मध्ये मुंबई हायकोर्टाने कोमातल्या नवऱ्याची गार्डियन म्हणून त्याच्या बायकोला नेमलं होतं. त्याआधी 2019 मध्ये केरळ हायकोर्टाने कोमातल्या पेशंटसाठी नियमच घालून दिले, मेडिकल बोर्डाने तपासायचं, बोर्डावर न्यूरॉलॉजिस्ट हवाच, शिवाय तहसीलदार किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने घरी जाऊन बघायचं.

आता कोमातल्या माणसाला निर्णय घेता येत नाही हे दिसतंच. डिमेन्शियात तसं नसतं ना. आज येतं उद्या येत नाही, सकाळी कळतं संध्याकाळी कळत नाही, भाजीचा हिशोब जमतो पण एफडी कुठे ठेवलीये ते आठवत नाही. आणि तपासणी करणारे बहुतेक वेळा आजाराचं नाव लिहून मोकळे होतात.

आत्याचा पहिला रिपोर्ट असाच होता. सकाळपासून रांगेत बसून नंबर लागला दुपारी चारनंतर, तोवर ती पार थकलेली, कानाचं मशीन काढून पर्समध्ये टाकलेलं, आणि प्रश्न हिंदीत, तेही भराभर. तीस मार्कांची ती ठरलेली टेस्ट असते, आज तारीख काय, वार काय, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा वगैरे. आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रिपोर्ट आला तीन ओळींचा, डिमेन्शिया आहे, स्वतःचे व्यवहार करण्यास असमर्थ. कुठले व्यवहार? सगळेच? मला खूप राग आला होता, अजूनही येतो. कारण असल्या तीन ओळींवर एखाद्या बाईचा आयुष्यभराचा सहीचा अधिकार जाऊ शकतो.

वकिलांनी पुन्हा तपासणी मागितली. दुसऱ्या डॉक्टर होत्या त्यांनी आधी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, बी12, थायरॉइड, सोडियम, शिवाय लघवीत इन्फेक्शन आहे का ते बघितलं, कारण यातल्या कशानेही म्हातारी माणसं गोंधळतात आणि उपचार केले की बरीच सावरतात. डिप्रेशनचंही विचारलं. मग सकाळी दहाची वेळ दिली, मशीन कानात, चष्मा डोळ्यावर, सगळं मराठीत. आत्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती हे कळल्यावर त्या तिला आजी न म्हणता बाई म्हणायला लागल्या. मला बाहेर बसवलं, मी मध्येच उत्तरं देऊ नयेत म्हणून, आणि ते बरोबरच होतं. दार अर्धवट उघडं होतं म्हणून मला ऐकू येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, बाई, साठ रुपयांची भाजी घेतली, शंभराची नोट दिली, परत किती? चाळीस, लगेच. घर कोणाच्या नावावर आहे? माझ्या, आणि ते विकायचं नाही. बँकेत किती पैसे आहेत? तर म्हणाली, ते हे बघतात. माझे काका, म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झालीत.

रिपोर्टमध्ये हे सगळं वेगवेगळं लिहून आलं. रोजचा खर्च ती करू शकते. कुठे राहायचं आणि कोणाजवळ राहायचं हे ती सांगू शकते, तिला विचारायलाच हवं. बँकेचे मोठे व्यवहार, एफडी, घराचे कागद, यात तिला परिणाम समजत नाहीत, मदत हवी. एक वर्षाने पुन्हा तपासा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, ठराविक निर्णयांसाठी, ठराविक काळासाठी, आणि त्या माणसाशी बोलून एकत्र निर्णय. आमच्या वकिलांनी तेच धरून बाजू मांडली आणि ऑर्डरही तशीच मिळाली. पेन्शनमधली थोडी रक्कम वेगळ्या खात्यात जाते, त्याचं पासबुक तिच्याकडेच असतं, बाकीचा हिशोब मी कोर्टाला देते.

तुम्ही जाणार असाल तर डॉक्टरांना लेखी विनंती द्या की नुसतं निदान नको, कुठला निर्णय जमतो आणि कुठला नाही ते लिहा, तपासणी किती वाजता झाली आणि कुठल्या भाषेत झाली तेही लिहा. सकाळची वेळ मागा. मशीनचे सेल नवीन घाला. आणि घरातल्या कोणाची हरकत असेल तर ती रिपोर्ट येण्याआधीच वकिलांना सांगा, आमच्याकडे एका नातेवाइकाने ऐनवेळी आक्षेप घेतला आणि पुढची तारीख पडली.