ओळखीच्यांना विकावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरून काहीतरी सुरू करणाऱ्या बायका, आणि आता कितीतरी पुरुषही, मला पहिल्यांदा हेच विचारतात: "सुरुवात नातेवाईक आणि मैत्रिणींपासूनच करू ना?" मी घरी कापडी पिशव्या शिवून विकते आणि माझ्या गिऱ्हाइकांत घरची माणसंही आहेत. त्यांना जरूर विका, असंच मी म्हणते. पण आधी त्यांना सहज 'नको' म्हणता येईल अशी सोय करा.

अनोळखी माणसाला वस्तू आवडली नाही, तर तो ती खाली ठेवतो आणि जातो. नणंदेला तसं जाता येत नाही. ती भिडेखातर घेते, वर कौतुक करते आणि पिशवी कपाटात ठेवून देते. आपण मात्र माल खपतोय म्हणून पुढचं कापड आणतो. त्या विक्रीवरून पट्टा लांब झालाय का, शिवण कच्ची आहे का, किंमत जास्त वाटतेय का, यातलं काहीच कळत नाही. आणि सगळ्या आतेमामे भावंडांकडे एकेक पिशवी पोहोचली की विक्री अचानक थांबते. खरं गिऱ्हाईक तोवर तयारच झालेलं नसतं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

घरगुती विक्रीचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण टपरवेअरच्या प्लास्टिकच्या डब्यांचं. दुकानात ते डबे फारसे खपत नव्हते, कारण झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे कुणीतरी करून दाखवावं लागे. ब्राउनी वाइज या विक्रेत्या बाईंनी घरोघरी बायका जमवून ते दाखवण्याची पद्धत वाढवली आणि १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतली विक्रीच बंद केली. करून दाखवावी लागणारी वस्तू घरी चांगली विकली जाते, हे त्यातून घेण्यासारखं आहे. पण याच धर्तीच्या घरगुती मेळाव्यांचा जोनाथन फ्रेन्झेन आणि हॅरी डेव्हिस या संशोधकांनी अभ्यास केला. १९९० मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की ज्या बाईच्या घरी विक्री चालते तिच्याशी नातं जितकं घट्ट, तितकी खरेदी होण्याची शक्यता जास्त. म्हणजे ती खरेदी बरीचशी यजमानीणबाईंसाठी होती. म्हणूनच मी कुणालाही घरी बोलावून समोर माल मांडत नाही. सगळ्यांना एकदाच निरोप पाठवते: मी हे करते, किंमत अशी, हवं असेल तर कळवा. नको असेल त्याने उत्तरसुद्धा द्यायची गरज नाही.

आता किमतीबद्दल. ओळखीचा भाव वेगळा ठेवू नका. एका मावशीला कमी आणि दुसरीला पूर्ण किंमत लावलीत, तर त्या दोघी कधी ना कधी बोलणारच. शिवाय सूट आपण बहुतेक वेळा आपल्या मजुरीतूनच देतो, कारण तीच हिशोबात लिहिलेली नसते. द्यावंसंच वाटलं तर पूर्ण वस्तू भेट द्या, आनंदाने द्या. अर्ध्या किमतीत ती धड भेट होत नाही आणि धड विक्रीही होत नाही.

पैसे मागायला जीव धजत नाही, यामागेही कारण आहे. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं, की जिथे आपुलकीचं नातं अपेक्षित असतं तिथे मदतीची लगेच परतफेड झाली की जवळीक वाढायच्या ऐवजी कमी होते. घरच्या माणसाकडे बिल सरकवताना हात अडखळतो, तो म्हणूनच. त्यावर माझा उपाय साधा आहे: किंमत ऑर्डर घेतानाच लिहून पाठवायची आणि वस्तू हातात देताना पैसे घ्यायचे. तसं नसेल तर उधारी राहते, मग आपण मागत नाही, समोरचा विसरतो आणि फोन कमी होतात. भीड ही भिकेची बहीण, हे इथे शब्दशः खरं होतं.

घरच्यांकडे खरेदीपेक्षा मागण्यासारखं दुसरंच काही असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा अभ्यास नोकरी शोधण्याबद्दलचा असला, तरी मला तो इथे फार उपयोगी वाटतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांना बातमी दिली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी. साहजिक आहे. माझी बहीण ज्यांना ओळखते त्यांना मीही ओळखते. पण बहिणीच्या ऑफिसातली, मला नुसती तोंडओळखीची असलेली बाई ज्या लोकांत वावरते, तिथे मी कधीच पोहोचले नसते. म्हणून मी बहिणीला म्हणते, "तू घेऊ नकोस. कुणाला लागत असेल तर माझं नाव सांग."

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगते. ज्या योजनेत वस्तू विकण्यापेक्षा नातेवाइकांना सभासद करून त्यांच्या गळ्यात माल घालण्यावर कमाई अवलंबून असते, तिच्या वाटेला जाऊ नका. तिथे त्यांचा 'नको' तुम्हाला परवडतच नाही.

आणि ज्या चुलत बहिणीने निरोपाला काहीच उत्तर दिलं नाही, तिला पुन्हा विचारू नका. भेटलात की तिच्या मुलांचं, तिच्या कामाचं विचारा. पिशव्यांचा विषय तिला काढायचा असेल तर ती काढेल.